तंबूआधी पाणी

थंडी पडली की शाळेतून स्काउट-गाइडच्या शिबिराची चिठ्ठी घरी येते. वर्धापनाचं वर्ष असलं की शिबिराचा मेळावा होतो आणि शंभर मुलांच्या जागी हजार-दोन हजार मुलं जमतात. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ७५ वर्षं पूर्ण झाली, आणि त्यानिमित्त लखनौला राष्ट्रीय जांबोरी भरली. जांबोरी म्हणजे देशभरातल्या मुलामुलींचं तंबूतलं मोठं संमेलन. असा मेळावा ठरवायचा तर काय काय लागतं, आणि आजवर तो कुठं जमला, कुठं फसला, हे आज सांगायचं आहे. चिठ्ठीवर सही करायची की नाही हे घरोघरी आपल्यालाच ठरवावं लागतं, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

या सगळ्याची सुरुवात अगदी लहान होती. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं विसेक मुलं घेऊन इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर आठवडाभर तंबू ठोकले. त्यांत निम्मी मुलं बड्या घरची, निम्मी कामकऱ्यांची. चार तुकड्या केल्या, त्यांना प्राणी-पक्ष्यांची नावं दिली, आणि माग काढणं, गाठी मारणं, चूल पेटवणं शिकवलं. मुली नव्हत्या. पण १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली कुणी न बोलावता तिथं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीही स्काउट आहोत, म्हणाल्या. त्यांना परत पाठवणं जमलं नाही. पुढच्याच वर्षी मुलींची वेगळी संघटना निघाली आणि तिची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्या बहिणीनं, ॲग्नेस यांनी घेतली. तिचं गाइड हे नाव आपल्याच देशाच्या तेव्हाच्या वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीवरून घेतलेलं आहे. मुलीच्या गणवेशावर हा शब्द दिसला की तो इथूनच तिकडं गेला होता हे तिला जरूर सांगा.

हिंदुस्थानात मुलांचं पहिलं पथक १९०९ मध्ये बंगळूरला आणि मुलींचं १९११ मध्ये जबलपूरला निघालं. दोन्ही गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. आपल्या मुलांना आत घेत नाहीत म्हटल्यावर आपल्या लोकांनी स्वतःची पथकं काढली. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी काढलं. अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या सेवा समितीनं काढलं. ही सेवा समिती प्रयागच्या मेळ्यात यात्रेकरूंची सोय पाहायची. गर्दीत हरवलेलं माणूस शोधणं, पाणी पाजणं, नदीवर लक्ष ठेवणं ही तिची कामं. म्हणजे आपल्याकडच्या स्काउटिंगला एक मूळ इंग्रजी छावणीचं आणि दुसरं आपल्या जत्रेचं आहे. आम्हाला हे दुसरं मूळ जास्त जवळचं वाटतं. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या संघटना १९५० मध्ये एकत्र आल्या, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड मुलींची संघटनाही त्यात आली.

पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ नावाचं ठिकाण आहे. गाइड मुलींची जागतिक केंद्रं जगात मोजकीच, त्यातलं हे एक. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांच्या हस्ते ते उघडलं. नगरहून पुण्याला जाताना आपण त्याच्यापासून फार लांबून जात नाही, पण आमच्या गटात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता फजितीच्या गोष्टी, कारण शिकायला त्याच बऱ्या. १९२९ मध्ये या चळवळीला २१ वर्षं झाली म्हणून इंग्लंडमध्ये ॲरो पार्क इथं जागतिक मेळावा भरला. सुमारे ५० हजार मुलं जमली आणि पाऊस लागला. सगळं मैदान चिखल झालं. आज त्या मेळाव्याची आठवण निघते ती चिखलासाठीच. त्याला शंभर वर्षं व्हायला आली, तरी चूक पुन्हा झालीच. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सेमांगुम इथं १५८ देशांतली सुमारे ४३ हजार मुलं आली. समुद्र हटवून केलेली सपाट जमीन, झाड म्हणून नाही, वर कडक ऊन. शेकडो मुलांना उन्हाचा त्रास झाला. स्वच्छतागृहं अपुरी आणि घाण असल्याच्या तक्रारी आल्या. ब्रिटन आणि अमेरिकेनं आपली मुलं मधेच हलवली, आणि पुढं वादळ येतंय म्हणून सगळी छावणीच रिकामी करावी लागली. कोरियासारखा पैसेवाला देश, तयारीला वर्षांमागून वर्षं मिळालेली. झेंडे, व्यासपीठ, पाहुणे यांत काही कमी पडलं असेल असं वाटत नाही. कमी पडली ती सावली आणि संडास.

हे ऐकलं आणि आम्ही आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडून पाहिला. आपत्तीनंतर लोकांना छावणीत ठेवतात, तेव्हाचं एक माप जगभर वापरतात: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास. हजार मुलं धरली तर रोजचं १५ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारांचा टँकर दीड. तीन दिवसांचे साडेचार टँकर. संडास ५०. आणि त्याच मापात सांगितलंय की बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट हवेत. हे वाचून आम्ही दोनदा खात्री केली, कारण एसटी स्टँडवर तर उलटंच दिसतं. मुली निम्म्या असल्या म्हणून संडास निम्मे-निम्मे, असा हिशेब इथं चालत नाही. कारण आपल्याला सांगायला नको.

मग जागा. आपला जिल्हा एक असला तरी पाण्याला एक नाही. अकोल्याकडं भंडारदऱ्याच्या काठावर पाणी भरपूर, हल्ली पर्यटकांचे तंबूही असतात, पण डिसेंबरात तिथल्या थंडीत लेकरं काकडतील. एकेका मुलाला दोन पांघरुणं लागतील, आणि ती आणायची कुणी हे आधी ठरलं पाहिजे. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडं हवा कोरडी, पण पाण्याची बोंब. काळ्या रानात तंबू ठोकला आणि अवकाळी आला तर ॲरो पार्क व्हायला वेळ लागणार नाही. खुंटी धरत नाही आणि पाय निघत नाही. मुरमाड माळ, थोडा उतार, तंबूभोवती वीतभर चर आणि जवळ झाडं, एवढं असलं तरी पुष्कळ झालं. हे सांगायला अभियंता लागत नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. दिंडी कुठं उतरवायची, चुली कुठं मांडायच्या, पाणी कुठून आणायचं, हे आपल्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर वाटसरूंसाठी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालंय तर मेळाव्यात पाणी आधी बघायला हवं.

जेवणाचं फार सांगत नाही. लग्नात पाचशे पानं उठवणाऱ्या बाईला हजारांचा अंदाज येतो. एका वेळेला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला तर शंभर किलो, इथून पुढं ती स्वतःच मांडेल. शिबिरातली खरी गंमत वेगळीच असते, तिला बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणतात. निखाऱ्यात बटाटा, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक. घरी पाण्याचा पेला न उचलणारा मुलगा तिथं कणीक मळतो आणि आल्यावर आठ दिवस त्याच गप्पा सांगतो. नवव्या दिवशी पुन्हा पेला तिथंच, ते सोडा.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात बराच वेळ बोलणं झालं. आपल्याकडच्या कितीतरी मुली ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कोपीत राहतात. पाचटाचं छप्पर, ना दिवा ना न्हाणी, रात्री बाहेर जायचं तर जीव मुठीत. अशा मुलीला तंबूत राहायची मौज काय सांगायची, असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, तिलाच आधी न्यायला हवं. एकदा तरी तिला उघड्यावर निजताना भीती वाटू नये, आणि चूल पेटवण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नसेल, नायक तीच होईल. पण मेळावे भरतात नेमके तोडीच्या हंगामात, आणि वर्गणी ठरते ती घरी असलेल्या मुलींचा विचार करून. वर्गणीवर उपाय आहे. स्काउट-गाइडमध्ये ‘खरी कमाई’ची रीत आहे, मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे. शाळेत त्यासाठी भेळेचे, वड्यांचे गाडे लागतात ते आपण पाहिलेत. एका दिवसाची कमाई ज्यांची वर्गणी भरायची राहिली त्यांच्या नावे ठेवता येते. तारखांचं काय करायचं ते शाळेशीच बोलावं लागेल, आणि तेही चिठ्ठी छापण्याआधी.

म्हणून आमच्या गटानं यंदा चिठ्ठीची वाट न पाहता मुख्याध्यापकांना भेटायचं ठरवलंय. पाणी किती आणि कुठून, मुलींचे संडास किती, त्या वाटेवर रात्रभर दिवा असेल का, मुक्कामाला शिक्षिका किती, पाळीच्या मुलीची सोय काय आणि वापरलेली घडी टाकायला झाकणाचा डबा कुठं, हे विचारणार आहोत. नियोजनाच्या बैठकीला गटातल्या दोघी बसल्या तर चालेल का, हेही विचारू. उत्तर काय मिळतं ते पुढच्या भागात सांगू. तुमच्या शाळेत काय म्हणतात ते आम्हाला कळवा.