कोरोवाय
कोरोवाय : युक्रेनियन विवाहविधीतील गव्हाच्या पिठाचा मोठा, गोल व अलंकृत पाव. दोन कुळांचा संबंध समाजमान्य झाल्याची खूण म्हणून त्याला महत्त्व आहे. चर्चमध्ये विवाह लागला, तरी लौकिक विधी होईपर्यंत वधूवरांनी एकत्र राहू नये, असा संकेत ग्रामीण युक्रेनमध्ये एकोणिसाव्या शतकातही अनेक ठिकाणी पाळला जाई.

वराकडून मागणी घालण्यास आलेल्या वडीलधाऱ्यांना वधूने भरतकाम केलेले वस्त्र (रुश्निक) दिल्यास होकार, तर भोपळा दिल्यास नकार समजत. कोरोवाय करण्याचा मान सुखी संसार असलेल्या सधवांना असे. त्या बहुधा सात असत. विधवांना मात्र त्यात स्थान नसे. कणीक मळताना त्या गीते गात. पावावर कणकेचे पक्षी व फुले बसवीत. समारंभाच्या अखेरीस त्याचे तुकडे नात्याच्या मानाने वाटले जात आणि तुकडा घेणारा वधूवरांना अहेर करी. त्यामुळे वाटणी हीच विवाहाची साक्ष ठरे. वराने सासूस बूट देण्याचीही प्रथा होती.

पाव्लो चुबिन्स्की यांच्या ग्रंथमालेतील १८७७ च्या खंडात या विवाहविधींची विस्तृत नोंद आहे. १८९१ पासून कॅनडात स्थायिक होत गेलेल्या युक्रेनियनांनी ही प्रथा तेथेही जपली.