विणकरांची पत

इतिहास म्हणजे राजांच्या नांवांची व सनावळीची घोकंपट्टी, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. आणि तो रूढ करण्यांत आम्हां अध्यापकांचा वांटा लहान नाहीं. सुमारें तीस वर्षें मीं स्वतः सातवाहनांची वंशावळ फळ्यावर लिहीत आलों. परंतु गेल्या हिवाळ्याच्या सुटींत पैठणाहून निघून नाशिक, जुन्नर आणि नाणेघाट असा जुन्या व्यापारी वाटांनीं सावकाश प्रवास केला, तेव्हां त्या वंशावळीच्या बाजूचें एक पान आपण कोरेंच ठेविलें होतें, असें ध्यानांत आलें.

पैठण म्हटलें कीं आपणांस एकनाथ आठवतात व पैठणी आठवते. पण इ. स. च्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ह्या ग्रंथांत पैठण हें भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून येतें. त्याच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर. म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणचे अकीकाच्या जातीचे दगड आणि तेरचें साधें कापड व मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटा तुडवीत, भडोचला जात असे.

सह्याद्रि उतरला कीं कल्याण व सोपारा हीं बंदरें असतां एवढा लांबचा फेरा कां? याचें उत्तर त्याच ग्रंथांत सूचित झालें आहे. कल्याण ही एके काळीं रीतसर खुली पेठ होती. पुढें सत्ता बदलली, आणि तेथें येऊन लागणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं. क्षत्रप व सातवाहन यांच्या वैराचा हा परिणाम असावा, असें बहुतेक विद्वान् मानतात. राजांच्या भांडणानें वाट कशी अडते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

मग अशा दिवसांत व्यापार तरला कशाच्या बळावर? हा प्रश्न मनांत घेऊनच मी गोदेच्या काठानें वर नाशिकास आलों, आणि पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यापुढें उभा राहिलों. हें लेणें क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षुसंघाला दिलें. तेथील लेखांत तो सांगतो कीं, भिक्षूंच्या निर्वाहासाठीं आपण ३,००० काहापणांची अक्षयनीवि, म्हणजे कधींहि न मोडावयाची ठेव, दिली आहे. ती कोठें ठेविली? राजाच्या खजिन्यांत नव्हे. जवळच्या गोवर्धन गांवीं राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे २,००० काहापण, दरमहा दरशेंकडा १ व्याजानें. दुसरीकडे १,०००, पाऊण व्याजानें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज होतें २४०. आणि वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ काहापण द्यावयाचे. हिशेब एका काहापणानेंहि चुकत नाहीं.

उषवदाताच्या मनांत काय होतें, हें आपण सांगूं शकत नाहीं. पण ज्यास अक्षय ठेव ठेवावयाची आहे, तो ती कोणाच्या हातीं देतो, यावरून त्या काळची पत कळते. राजाच्या जांवयास विणकरांचा भरंवसा वाटला. आणि तो वाटण्यासारखा काळ होता खरा. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा उमटविलेला आहे. कित्येकांवर नव्या ठशाखालून जुना चेहरा अजून डोकावतो. राज्य असें एका घावांत बदलतें. माग मात्र दुसऱ्या दिवशींहि चालवावा लागतो.

जुन्नरच्या लेण्यांतहि हेंच चित्र दिसतें. तेथें धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिलें आहे. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्याचे उल्लेख आहेत. आणि इरिल व चिट या यवनांनीं दिलेलीं टांकीं व भोजनमंडपहि आहेत. परदेशचा मनुष्य येथें येऊन दुसऱ्यांच्या तहानभुकेची सोय करतो, ही गोष्ट मला कित्येक विजयांहून मोठी वाटली.

शेवटीं नाणेघाटाच्या माथ्यावर आलों. तेथील लेण्यांत सातकर्णीची राणी नागनिका हिचा सुप्रसिद्ध लेख आहे. त्यांत यज्ञांची व त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि काहापणांची मोजदाद आकड्यांनिशीं दिली आहे. बाहेर तो भला मोठा दगडी रांजण. घाटाची जकात यांत टाकीत, असें लोक सांगतात. ज्यांच्या पाठीवर ओझीं होतीं, त्यांचें नांव मात्र त्या भिंतींवर कोठेंहि नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर नाशिकच्या लेखांतहि एकाहि विणकराचें नांव नाहीं. कोरलें आहे तें दात्याचें. त्यांची केवळ पत तेवढी आपल्यापर्यंत पोंचली.

खालीं कोंकण धुक्यांत बुडालें होतें. घाटाच्या फरसबंदीवरून दोन गुराखी पोरें सहज उतरून गेलीं. पुढील वर्षीं वर्गांत मी वंशावळ लिहीनच. तिच्यावांचून काळाचा मेळ बसत नाहीं. पण तिच्या शेजारीं गोवर्धनच्या त्या ३,००० काहापणांचा हिशेबहि मांडीन, आणि तो मुलांकडूनच सोडवून घेईन.