माळव्याच्या पाण्याचा गुण

मराठी माणसाला धार आणि देवास ही नावे परकी नाहीत. पहिल्या बाजीरावाच्या काळात उत्तरेत गेलेल्या पवारांनी धारला एक गादी स्थापिली आणि देवासला थोरली व धाकटी अशा दोन पाती नांदविल्या. सनदा, सरंजाम आणि तनखे यांचा तो इतिहास १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली तेव्हा संपला. परंतु याच दोन जिल्ह्यांत आणखी एक इतिहास घडत आला आहे. तो राजांचा नव्हे, तर बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेल्या आणि तेथील हवापाण्याने घडविलेल्या कलावंतांचा आहे.

कलावंत निसर्गापासून स्फूर्ती घेतो, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ कोणी तपासून पाहत नाही. फूल पाहिले आणि फूल काढले, एवढेच त्यातून समजले जाते. बाघच्या डोंगरात मात्र हा अर्थ पुरा पडत नाही.

बाघ हे गाव आज धार जिल्ह्यात असले तरी पूर्वी ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात मोडत असे. तेथे नदीकाठच्या कड्यात बौद्ध भिक्षूंनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी नऊ लेणी कोरली. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणत. तेथील भिंतींवर हत्तीघोड्यांची मिरवणूक होती, फेर धरून नाचणाऱ्या स्त्रिया होत्या, मैत्रिणीजवळ बसून रडणारी एक स्त्री होती. आणि या साऱ्यांच्या भोवती कमळांच्या वेली, फळे व पक्षी यांची अखंड नक्षी धावत होती. अजिंठ्याच्या चित्रांशी तिचे नाते पाहणाऱ्याला तत्काळ जाणवते.

पण अजिंठ्याचा पाषाण कठीण. बाघचा वालुकाश्म मऊ, आणि त्याच्या माथ्यावर पाणी शोषून घेणाऱ्या मातकट दगडाचा भार. छत तोलून धरण्यासाठी कारागिरांना दालनाच्या मध्यभागी जादा खांब ठेवावे लागले. दुसऱ्या लेण्यात सापडलेल्या सुबंधू राजाच्या ताम्रपटात पूजेबरोबर विहाराच्या पडझडीच्या दुरुस्तीचीही तरतूद आहे. म्हणजे डोंगराचा स्वभाव त्या काळीही ठाऊक झाला होता. तरीही काही लेणी कोसळली, आणि उरलेल्या पाचांत झिरपणाऱ्या पाण्याने चित्रे खाऊन टाकली. १८१८ साली डेंजरफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहून त्यांचे वर्णन केले. पुढे १९२१ साली ग्वाल्हेर दरबाराने चित्रांच्या नकला करून घेतल्या. पुरातत्त्व खाते मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे होते. शांतिनिकेतनच्या वर्तुळातील नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर या कामावर आले, आणि त्यांच्याबरोबर आपटे, भोसले, जगताप अशा मराठी आडनावांचे चित्रकारही होते. बंगाली चित्रकारांची नावे कलेच्या इतिहासात राहिली; आपल्या लोकांची मात्र आपणही फारशी आठवण ठेवली नाही. अखेरीस १९८२ साली उरलीसुरली चित्रे भिंतीवरून सोडवून काढावी लागली. ती आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात आहेत.

ज्या खोऱ्यातील पाण्याने चित्रे नेली, त्याच खोऱ्यातील पाण्याने कापडाला रंग दिला. बाघचे छिपे हे मूळचे सिंधमधील लारकान्याकडचे खत्री. राजस्थानातून ते माळव्यात मनावरला आले आणि तेथून १९६२ च्या सुमारास त्यांच्यापैकी काही घराणी बाघला येऊन राहिली. ओढ होती ती नदीच्या पाण्याची. त्यांचे काम चित्रकाराहून निराळे आहे. कोरे कापड मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांत मुरवायचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. त्यावर लाकडी ठशांनी जे उमटवायचे तो रंग नसतोच. एका ठशाला तुरटीची खळ, दुसऱ्याला लोखंडाच्या क्षाराची, आणि दोन्हींत चिंचोक्याचे पीठ. लोखंड हिरड्याशी मिळून काळे होते. तुरटीची जागा मात्र फिकट, जवळजवळ अदृश्य राहते. नंतर कापड वाहत्या नदीत धुतात. पाणी वाहते नसेल तर सुटलेली खळ पुन्हा कापडावर बसते आणि पांढरी जमीन डागाळते. म्हणूनच टाक्यातले पाणी नदीची बरोबरी करू शकत नाही. शेवटी तांब्याच्या कढईत धायटीच्या फुलांबरोबर ते उकळले, की तुरटीच्या जागी तांबडा रंग उजळून येतो.

हा तांबडा रंग पूर्वी आल व मंजिष्ठ यांच्या मुळ्यांतून मिळे. त्यातील द्रव्य १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून बनविले आणि मुळ्यांची शेती बसली. आजचे छिपेही कारखान्यातील भुकटी वापरतात, हे लपविण्याचे कारण नाही. पण हिरडा, धायटी आणि नदी यांना त्यांनी सोडलेले नाही. १९६० नंतर स्वस्त कृत्रिम कापडामुळे भिल्ल-भिलाल्यांचे लुगडेही बाजारातून उठू लागले, तेव्हा इस्माईल सुलेमान खत्री यांनी हा धंदा टिकवून धरला आणि तो चादरी, साड्यांवर आणला. लेण्यांतील काही नक्षीही ठशांवर उतरली. भिंतीवरून गेलेली वेल अशा रीतीने अंगावरच्या वस्त्रावर राहिली. २००८ साली या छपाईला भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले.

देवासचा कलावंत तर हवापाण्यासाठीच आला होता. बेळगावकडच्या सुळेभावीचा, देवधर मास्तरांच्या मुंबईच्या विद्यालयात तयार झालेला हा तरुण गवई, कुमार गंधर्व, क्षयाने ग्रासलेला असा १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेत येऊन पडला. गाणे वर्ज्य होते. सारी हयात ज्याने गाण्यात काढायची, त्याला काही वर्षे केवळ ऐकत राहावे लागले. वय अवघे चोवीस. आणि गळा परत मिळेल की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. वाटेने जाणाऱ्या बायांची गाणी, गारुड्याची पुंगी, पावसाच्या आधीचा वारा, हेच त्याच्या कानांवर पडे. पत्नी भानुमतींची शुश्रूषा आणि नवी औषधे यांच्या बळावर १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा गाणे बदललेले होते. एका फुप्फुसाने साथ सोडली होती. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोटे, धारदार स्वरसमूह आले. माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, अहिमोहिनी असे राग घडविले. अहिमोहिनीमागे गारुड्याची पुंगी आहे. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ या मैफलींत त्यांनी एकेका ऋतूला अख्खी बैठक दिली. पावसाचे गाणे म्हणजे केवळ मल्हार, ही समजूत त्या मैफलींनी मोडली. कारण खेड्यातल्या पावसाला वाट पाहणे असते, भीती असते आणि पेरणीही असते.

त्यांच्या घराजवळच चामुंडेची टेकडी आहे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या महाराजांचा चिटणीस होता. त्याने १९५३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला याच टेकडीचे नाव दिले. पाहुण्याच्या नजरेला ती टेकडी रम्य वाटली असेल. कुमारांनी तिच्या परिसरातून काय घेतले, ते त्यांच्या मधसुरजा रागातील बंदिशीत ऐकावयास मिळते. तीत टेकडीचे वर्णन नाही, सूर्योदय नाही. देवीपुढे बळी नेल्या जाणाऱ्या बकऱ्याने जिवासाठी केलेली विनवणी तीत आहे. १९९२ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत कुमार देवासलाच राहिले.