पेटीतला चारयारी रुपया

जून महिना आला, शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या जातात. फीची जुळवाजुळव करताना दादीअम्माच्या पेटीच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला चांदीचा एक चौकोनी तुकडा हाती लागतो. त्याच्या एका बाजूस मधोमध कलमा आणि कडेने चार खलिफांची नावे. दुसऱ्या बाजूस अकबर बादशहाचे नाव. ‘अकबराचा अस्सल रुपया आहे, लाखाच्या खाली देऊ नका,’ असे सांगणारा कोणी तरी भेटतोच. मोठ्या आशेने पालक सोलापूरच्या सराफ बाजारात जातात. सराफ तो तुकडा तराजूत टाकतो आणि चांदीच्या भावाने पैसे पुढे करतो. पालकांना वाटते, आपण नाडले गेलो. वाचकहो, बहुतेक वेळा तसे झालेले नसते. आणि ते का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

अकबराने (राज्यकाल 1556 ते 1605) हिजरी 985, म्हणजे 1577-78 च्या सुमारास चौकोनी रुपया पाडावयास सुरुवात केली. पुढे त्याने इलाही सन चालू केला आणि त्या सनाच्या नाण्यांवरून कलमा गेला. मग आधीच्या रुपयाला लोकांच्या मनात वेगळेच मोल आले. चार यारांची, म्हणजे हजरत अबू बकर, हजरत उमर, हजरत उस्मान आणि हजरत अली यांची नावे असलेला तो ‘चारयारी रुपया’. तो लहान मुलाच्या गळ्यात ताबीज म्हणून बांधावा, दुकानाच्या गल्ल्यात बरकतीसाठी ठेवावा, अशी चाल पडली. खरे रुपये पुरणार किती? तेव्हा सोनारांनी व सराफांनी त्याच नमुन्याचे तुकडे घडविले, आणि हे काम विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. हे तुकडे बाजारात रुपया म्हणून खपविण्यासाठी केलेले नव्हते. म्हणून त्यांना ‘खोटे नाणे’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ती खाजगी रीतीने पाडलेली चांदीची पदकेच होत. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरात रामदरबाराचा जो ‘रामटंका’ असतो, तो याचाच सख्खा भाऊ.

सोलापूरकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. औरंगजेबाच्या काळात खुद्द आपल्या गावाच्या नावाने रुपया पाडला गेला. त्यावर टाकसाळीचे नाव शोलापूर असे आहे. पण नाणे हातोहाती फिरते, कोणाच्याही पायाखाली येते, तेव्हा कलम्याचा अवमान नको, म्हणून औरंगजेबाने नाण्यावर कलमा घालणेच बंद केले होते. तेव्हा कलमा असलेला तुकडा दाखवून कोणी ‘हा आलमगिराचा सोलापुरी रुपया’ म्हणू लागला, तर विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्याला नम्रपणे थांबवू शकता.

अस्सल चारयारी रुपया कसा ओळखावा? त्याचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅमच्या किंचित आत भरते. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे कडेची अक्षरे कापली गेलेली असतात. नकलेत सगळा मजकूर बहुधा नीटनेटका आत बसलेला दिसतो, अक्षरे मोडकी असतात, आणि कित्येकदा हिजरी सनच अकबराच्या कारकिर्दीशी (963 ते 1014) जुळत नाही. नाणे अस्सल निघाले तरी त्याला गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेली असेल, तर संग्राहक किंमत बरीच कमी करतो. पालकांनी घाईने ती कडी काढू नये; तिचा डाग राहतोच, वर नाण्यालाही इजा होते.

चौकोनी तुकड्यांच्या मागून गोल पदके आली. मक्का-मदिनेचे चित्र, 786 चा आकडा, आणि मागे सराफाच्या पेढीचे नाव. अशी पदके निकाहात, बिस्मिल्लाखानीच्या वेळी देण्यात येतात. यांना आपण सहज ‘नाणे’ म्हणतो, पण कायदा तसे म्हणत नाही. पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे खाजगीरीत्या पाडण्यास 1889 च्या कायद्याने बंदी केली आणि 2011 च्या नाणे कायद्याने ती पुढे चालू ठेवली. त्यामुळे या पदकांवर मूल्य नसते, आणि विकताना मागे सरकारचा शब्दही नसतो. राहते ती चांदी.

तिचाही हिशेब करून पाहा. शंभर रुपयांच्या चांदीवर पंधरा रुपये मजुरी धरली, तर झाले 115. त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे 118 रुपये 45 पैसे. दुसऱ्याच दिवशी मोडावयास गेलात तर मजुरी गेली, करही गेला, आणि शंभरातूनही काही घट धरली जाते. अमेरिकेत 1964 साली निघालेल्या फ्रँकलिन मिंट या खाजगी टाकसाळीने ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून चांदीच्या पदकांच्या मालिका चांदीच्या भावाहून कितीतरी चढ्या दराने विकल्या. लोकांनी त्या मुलाबाळांसाठी जपल्या. विकावयास गेल्यावर बहुतेकांना केवळ वजनाचे पैसे मिळाले, आणि जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली तेव्हा असली पदके ढिगांनी मुशीत गेली. मुलीच्या शिक्षणासाठी पैसा साठवावयाचा असेल, तर अशा पदकांत तो गुंतवू नका, असे मी स्पष्टच सांगेन.

जुन्या रुपयांच्या माळेची गोष्ट वेगळी. ब्रिटिश रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे. मोड घालताना साल वाचून वेगळे करावेत. आणि आता बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, म्हणून हिशेब ग्रॅममध्येच मागावा.

शाळेत मिळालेल्या बक्षिसाच्या पदकाकडे मात्र थोडे थांबून पाहा. त्यातली पुष्कळशी जर्मन सिल्व्हरची असतात. नावात चांदी असली तरी त्या धातूत ती मुळीच नसते. पण मागे शाळेचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, विषय आणि साल कोरलेले असेल, तर तेवढ्या कोरीव मजकुरासाठी जादा देणारा संग्राहक एखादे वेळी भेटतो. सराफ तो मजकूर वजनात धरत नाही. विकणे भागच असेल, तर आधी पदकावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलक्या हाताने घासा. दोन्ही बाजू कागदावर उतरतील. खाली वजन आणि कोणाचे पदक ते लिहून ठेवा.