रिंगण एकदाच धावते: चित्रसंकलनातील सामाईक कोठाराचा इतिहास

थ्रेड थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघाली की काटेवाडीत तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि तेथेच पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवडीत अश्वांचे गोल रिंगण, त्यानंतर इंदापुरात आणखी एक. अश्वांच्या फेऱ्या पाहता पाहता संपतात. कॅमेरा चुकला, तर पुढच्या वारीपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा सोहळ्याचे चित्रण आता बहुधा एकट्याचे काम राहिलेले नाही. एक कॅमेरा गर्दीत, दुसरा गच्चीवर, तिसरा ड्रोनवर. आणि सायंकाळी सर्वांची मेमरी कार्डे एका टेबलावर. येथे एक क्षुल्लक वाटणारा घोटाळा संभवतो. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत पहिल्या फाइलचे नाव ‘सी०००१’ असेच असते. दोन कार्डे एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि संगणकाने विचारलेल्या प्रश्नास घाईत ‘होय’ म्हटले, की काटेवाडीच्या मेंढ्या पुसल्या जाऊन त्यांच्या जागी बेलवडीचे अश्व येतात.

एकाच सामग्रीवर अनेकांनी काम कसे करावे, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. त्याचे एक उत्तर याच पुणे जिल्ह्यात आणि याच संताच्या चरित्रपटाशी जोडलेले आहे.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांचे, लेखन शिवराम वाशीकरांचे, छायाचित्रण व्ही. अवधूत यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे आणि संकलन ए. आर. शेख यांचे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांची मुद्रा सर्वांच्या स्मरणात राहिली. संकलकाच्या टेबलावरील फितींची मात्र कोणी आठवण काढीत नाही.

बोलपटाची ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटास जवळपास ११ हजार फूट फिल्म, आणि प्रत्यक्ष चित्रण त्याच्या कित्येक पट. मूळ निगेटिव्हला सहसा कोणी हात लावीत नसे. तिच्यावरून एक कामचलाऊ प्रत छापली जाई. कात्री, ओरखडे आणि चुका यांचा सारा मारा ती प्रत सोसत असे. फिल्मच्या कडेवर प्रत्येक फुटास क्रमांक छापलेला असे. संकलन पक्के झाले की ते क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. कापलेले तुकडे कापडी पिशवी लावलेल्या चौकटीवर खिळ्यांना टांगलेले असत आणि कोणता तुकडा कोठे आहे, याची नोंद साहाय्यक वहीत करी. त्या चौकटीला इंग्रजीत ‘बिन’ म्हणत. आजच्या संकलन-प्रणालीतील बिन ती हीच. कामचलाऊ प्रतीचे आजचे रूप म्हणजे ‘प्रॉक्सी’. नावे बदलली, शिस्त तीच.

(इतिहासाच्या वाचकांना ही शिस्त आणखी एका ठिकाणी ओळखीची वाटेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात इंदापूर परगण्याचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. जपानी संशोधक मिचिहिरो ओगावा यांनी त्या परगण्याचा सविस्तर अभ्यास केला, तो या कागदांच्या आधारावर. रुमालावर ओळख नसती, तर त्यांपैकी एक कागद शोधण्यात वर्ष गेले असते.)

नोंदवहीचे मोल किती, हे दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’वरून कळते. १९१९ चा हा मूकपट पुढे विस्कळीत तुकड्यांच्या रूपात उरला होता. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून जे मिळेल ते जमविले. तुकड्यांचा क्रम लागला तो फाळक्यांच्या स्वतःच्या टिपणांमुळे. चित्रपट तयार करणारा आणि तो पुन्हा जुळविणारा यांच्यामध्ये अर्ध्या शतकाचे अंतर होते. तरीही एका वहीमुळे दोघांना जणू एकाच टेबलावर काम करता आले.

परंतु वही असून भागत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे प्रभातच्याच जुन्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली. नायट्रेट पेटताना स्वतःच प्राणवायू पुरविते. पाण्यात बुडविले तरी ते जळत राहते. शेकडो चित्रपटांची रिळे त्या दिवशी गेली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती, ते चित्रपट पडद्यावर उरले. ज्यांची नव्हती, त्यांचे नावच राहिले.

यानंतरच्या व्हिडिओ टेपच्या कालखंडाविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. टेप एका वेळी एकाच यंत्रात बसे, त्यामुळे सहकार्य म्हणजे रांगेत थांबणे. १९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीचे संगणकीय संकलन आले आणि १९९० च्या दशकाअखेरीस एकाच साठ्यास अनेक संकलक जोडण्याची तिची व्यवस्था स्टुडिओंत रुळू लागली. ती तेव्हा केवळ मोठ्यांना परवडणारी होती. आज तालुक्याच्या गावातील चार जणांची चमूही नेटवर्कवर चालणारी साठवण-पेटी विकत घेऊ शकते. तरीही अनेक ठिकाणी हार्ड डिस्कच या हातातून त्या हातात फिरते. एका संगणकावर ती ‘ई’ ड्राइव्ह असते, दुसऱ्यावर ‘एफ’. प्रकल्प उघडताच सारी दृश्ये ‘ऑफलाइन’ दिसतात आणि अर्धा दिवस जोडाजोडीत जातो. सामाईक साठा सर्व संगणकांवर एकाच नावाने, एकाच मार्गाने जोडलेला असावा, हा नियम एवढ्यासाठीच.

दुसरी अडचण वेगाची. ४के चित्रण प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात, सेकंदास २५ चौकटी धरून, सेकंदाला ७०० मेगाबिटहून अधिक माहिती मागते. एक तासाचे चित्रण ३३० जीबीच्या घरात जाते. साध्या गिगाबिट जोडणीची क्षमता १००० मेगाबिट. म्हणजे त्या वाटेवरून एकच संकलक, तोही एकाच कॅमेऱ्याचे दृश्य, सुखाने पाहू शकतो. रिंगणाचे तीन कोन एकत्र चालविणे दूरच. मग एक तर १० गिगाबिटची जोडणी घ्यावी, नाही तर चाळीसेक मेगाबिटच्या प्रॉक्सीवर काम करून शेवटी मूळ दृश्ये जोडावीत. दुसरा मार्ग स्वस्त आहे, आणि शेख यांच्या पिढीस तो परिचयाचाच वाटला असता.

तिसरी अडचण माणसांची. दोघांनी एकच बिन एका वेळी उघडून बदल केले, तर शेवटी जतन करणारा पहिल्याचे काम पुसतो. म्हणून ॲव्हिड आणि दा विंची रिझॉल्व्ह यांसारख्या प्रणालींत कुलूप असते: एकाच्या हाती लेखणी, इतरांना केवळ वाचनाची मुभा. हे कुलूप निगेटिव्ह कापणाऱ्याच्या खोलीवरील कुलपाचे वंशज म्हणावे लागेल. फरक इतकाच, की तेथे चूक झाली तर ‘अनडू’ नव्हते. कदाचित त्यामुळेच ती माणसे नोंदीच्या बाबतीत आपल्याहून काटेकोर होती.

आणि ‘रेड’विषयीचा गैरसमज. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून मांडलेल्या या कल्पनेत माहिती अनेक डिस्कवर अशी विभागली जाते, की एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. मात्र पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि आगीपुढे साऱ्या डिस्क सारख्याच. बारामतीतील पेटीची दुसरी प्रत इंदापुरात असली, तरच तिला राखीव प्रत म्हणता येईल. २००३ ची आग हेच सांगून गेली होती.

पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्याआधीच्या वाऱ्यांच्या चित्रणात दिंड्यांच्या मागे जुन्या रस्त्याची कड, कडेची झाडे, वळणे आणि पाट्या सहजच टिपल्या गेल्या. तयार व्हिडिओत त्या दोन सेकंद दिसतात, तर कच्च्या चित्रणात कित्येक मिनिटे. व्हिडिओ प्रसिद्ध झाला की जागा मोकळी करण्यासाठी सर्वप्रथम पुसले जाते ते हेच कच्चे चित्रण. ज्यांच्याकडे २०२१ पूर्वीची कार्डे वा डिस्क अजून असतील, त्यांनी निदान गाव, तारीख आणि चित्रण करणाऱ्याचे नाव फोल्डरवर लिहून तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. तो रस्ता आता पुन्हा चित्रित करता येणार नाही.