अकरा नंबरचा बावटा

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा मेसेज आला. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. "दादा, नेटवर्क्सच्या पेपरला कुठलं युनिट ऑप्शनला टाकू?" मी पण माझ्या वेळी हाच प्रश्न एका सीनियरला विचारला होता आणि त्याने जराही विचार न करता सांगितलं होतं, पहिलं टाक. पहिलं म्हणजे फिजिकल लेयर. वायर, अँटेना, मॉड्युलेशन, पाठांतर जास्त आणि मार्क कमी. मी टाकलं. पास झालो, नोकरी लागली, काही अडलं नाही. तरीही भावाला लगेच "पहिलं टाक" असं लिहिता येईना, कारण मधे 2020 चा जून येऊन गेला होता.

आमच्या दोघांचं आजोळ आगरदांडा. मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर. बाईकवर कोकण केलेल्यांना माहीत असेल, मुरूडहून दिवेआगरला जायचं तर आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि समोर दिघीला उतरायचं. बोट अर्ध्यात आली की खाडीच्या तोंडाकडे बघा, जंजिरा दिसतो. लोक फोटो काढतात आणि तिथेच स्टेटसला टाकायचा प्रयत्न करतात. रेंजचं काय होतं ते ज्याने त्याने अनुभवावं.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी 100 ते 110 किलोमीटर वारा, झोत 120 चे. लॉकडाऊन होता, मी पुण्यात अडकलेलो. साधारण अकराला आजीशी बोललो. ती म्हणाली, "पत्रे वाजतायत रे. ठेव आता, चार्जिंग जाईल." त्यानंतर फोन लागलाच नाही. आजीचा नाही, मामाचा नाही, शेजारच्यांचाही नाही. चार दिवस.

मी पोटापाण्यासाठी जे काम करतो त्यात एका सर्व्हरने दुसऱ्याला विचारायचं असतं, "आहेस का?" उत्तर आलं नाही तर तीन सेकंदांत सिस्टीम ठरवते की तो मेला, आणि पुढची व्यवस्था करते. तीन सेकंद. ते चार दिवस मी हे कोड लिहीत बसलो होतो, आणि दर अर्ध्या तासाने तोच नंबर लावत होतो.

आता थोडं मागे जाऊ.

कोळीवाड्यात मोठा झालेल्या कुणालाही बावटा सांगावा लागत नाही. "तीन नंबरचा लागलाय" एवढं म्हटलं की कळतं, आज होडी काढायची नाही. नावाला बावटा, पण ती खरी निशाणं नसतात. दिवसा बंदराच्या खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या काळ्या वस्तू चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. वरून खाली कुठला आकार, त्यावरून नंबर. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एन्कोडिंग आहे, आणि वाचायला फक्त डोळे लागतात.

ही पद्धत आली कशी? ऑक्टोबर 1864 मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, हजारो माणसं गेली. तार तेव्हा देशात होती. 1855 पासून सामान्य लोकांनाही पैसे भरून तार करता येत होती. म्हणजे वादळाची बातमी वादळाच्या पुढे पळू शकेल असं साधन हातात होतं, पण ती बातमी बंदरापर्यंत न्यायची असं कुणाचं ठरलेलं कामच नव्हतं. 1865 मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि 1886 पर्यंत इशारे देशातल्या सगळ्या बंदरांसाठी सुरू झाले. कचेरीतून बंदरापर्यंत तार, आणि बंदरापासून होडीपर्यंत खांबावरचा आकार. दोन वेगळे फिजिकल लेयर, वरचा मेसेज एकच. लेयर म्हणजे काय हे आमच्या सरांनी बोर्डावर सात चौकोन काढून शिकवलं होतं. मला ते कळलं या खांबावरून, तेही पदवी हातात आल्यावर.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. एकदा मामाला विचारलं, सगळ्यात मोठा बावटा कुठला? म्हणाला, "दहा. तो लागला म्हणजे देवाचं नाव घ्यायचं." बरोबर आहे, 10 म्हणजे महासंकट. पण यादी दहाला संपत नाही. 11 नंबर आहे. आणि अकरा म्हणजे दहापेक्षा मोठं वादळ नाही. अकराचा अर्थ असा की वादळाचा इशारा देणाऱ्या कचेरीशी आमचा संपर्क तुटलाय, आणि हवा बिघडेल असं इथल्या बंदर अधिकाऱ्याला वाटतंय.

जरा थांबून बघा हे. नेटवर्क बंद पडणं हीच एक बातमी आहे, तिला नंबर आहे, ती खांबावर चढवता येते. छोट्या बंदरांसाठी याच यादीची एक आटोपशीर आवृत्ती आहे. त्यात अकरापैकी पाचच बावटे ठेवलेत, 3, 4, 7, 10 आणि 11. म्हणजे सहा बावटे गाळताना सुद्धा त्यांनी अकरा ठेवला. कुणी ठरवलं असेल हे, त्या माणसाला मला चहा पाजायचाय. इंटरनेट नव्हतं तेव्हापासून त्याला कळलं होतं की वरून काही आलं नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही.

कॉलेजच्या कोर्समध्ये हीच गोष्ट एका वेगळ्या समुद्रावरून येते. अलोहा. नेटवर्क्स शिकलेल्या प्रत्येकाने 18.4 टक्के पाठ केलेलं असतं, स्लॉटेड असेल तर 36.8. त्याचं सूत्र काढून दाखवायला हमखास प्रश्न येतो. पण हे कशासाठी केलं होतं? हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं एका कॉम्प्युटरला जोडायची होती. मधे पॅसिफिक महासागर. म्हणून 1971 मध्ये त्यांनी रेडिओ वापरला. सगळे एकाच वाहिनीवर बोलणार, दोघे एकदम बोलले की दोघांचं फुकट. यावर त्यांचा उपाय ऐकून हसू येतं इतका साधा आहे. पाठवा आणि पोचपावतीची वाट बघा. आली तर झालं. नाही आली तर मेसेज बुडाला असं धरा, थोडा वेळ थांबा, तो वेळ प्रत्येकाचा वेगळा, आणि पुन्हा पाठवा. पुढे इथरनेटने यातूनच कल्पना घेतली, आणि तुमच्या वायफायमध्येही हेच रक्त आहे. अलोहाचा पाया एकच, पोचपावती. शांतता किती वेळ चालू द्यायची ते आधी ठरवून ठेवायचं.

खांबावरच्या बावट्यात नेमकी हीच गोष्ट नाही. तो एकतर्फी आहे. होडीने तो पाहिला की नाही, परत फिरली की नाही, बंदराला कळायचा मार्ग नाही.

आणि आता रामदास. रायगडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांसमोर हे नाव सांभाळून घ्यावं लागतं.

17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिना राहिलेला. आषाढ अमावास्या होती, गटारीसाठी मुंबईतले चाकरमानी घरी निघालेले. सकाळी आठच्या सुमारास रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दीडेक तासाचा प्रवास. वाटेत पाऊस-वारा वाढला, लाटेने बोट कलंडली, घाबरलेली गर्दी एका बाजूला गेली आणि बोट उलटली. 600 हून जास्त माणसं गेली. समुद्रात असलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी जमतील तेवढ्या लोकांना उचललं. मुंबईला ही बातमी संध्याकाळी पाचच्या सुमारास कळली. बोटीवर वायरलेस नव्हता.

या गोष्टीत लोक बोटीच्या मालकांवर, हवेवर, गर्दीवर बोलतात, ते बोलायलाच हवं. मी अडकतो ते घड्याळावर. सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत. टायटॅनिकने वायरलेसवरून मदत मागितली ते साल 1912, म्हणजे 35 वर्षं आधी. बरं, ती युरोप-अमेरिकेची गोष्ट म्हणून सोडून देऊ. आपल्याच घाटावर काय होतं? 1927 मध्ये खडकीला मार्कोनी कंपनीच्या तंत्राचं बीम वायरलेसचं प्रक्षेपण केंद्र आणि दौंडला ग्रहण केंद्र सुरू झालं होतं. पुण्याच्या पठारावरून थेट इंग्लंडशी बिनतारी संदेश चालत होते. त्याच्याही आधी, 1870 मध्ये मुंबईहून एडनला समुद्राच्या तळाशी केबल टाकली गेली आणि त्याच वर्षी मुंबई-लंडन तार चालू झाली. म्हणजे व्यापाऱ्याच्या कापसाचा भाव लंडनहून मुंबईला पोचत होता, आणि 77 वर्षांनंतर भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रेवसला लागली की नाही हे कळायला दिवस गेला.

तंत्रज्ञान नव्हतं म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही. मला वाटतं, त्या बोटीकडून पोचपावतीची अपेक्षाच कुणी ठेवलेली नव्हती. पावसाळ्यात बोटीला उशीर होतो, त्यामुळे उशिराला कुणी बातमी मानलं नसावं. साडेनऊला रेवसला बोट लागली नाही, दहाला मुंबईला विचारणा गेली पाहिजे, असा नियम असता तरी सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण सात-आठ तास वाया गेले नसते.

यात बदल व्हायला किती काळ लागला बघा. 2010 पासून मच्छीमार बोटींसाठी इस्रोने बनवलेलं संकट-संदेश यंत्र आहे. बटण दाबलं की उपग्रहावरून बोटीची जागा आणि संकटाचा प्रकार नियंत्रण केंद्राला कळतो. पण दाबणाऱ्याला काय कळतं? काहीच नाही. अंधारात बटण दाबून बसायचं आणि आशा धरायची. जानेवारी 2024 मध्ये दुसऱ्या पिढीचं यंत्र आलं, आणि त्यात मुख्य भर कशाची? केंद्राकडून बोटीला उत्तर येतं. तुमचा मेसेज मिळाला. कोर्सच्या भाषेत, अॅक. रामदासनंतर 77 वर्षांनी. (हा आकडा पुन्हा 77 आला, मी मुद्दाम जुळवलेला नाही.)

तर, 2020 चा जून.

वादळाचा इशारा गावाला आला होता, हे आधी सांगतो. मोबाईलवर आला, टीव्हीवर आला, लोकांना सुरक्षित जागी हलवलं. 1864 पासून ज्यासाठी एवढी खटपट झाली तो भाग चालला. कोसळलं ते परतीचं. मोबाईलचा टॉवर आपल्याला उंच लोखंड म्हणून दिसतो, पण तो जिवंत राहायला दोन गोष्टी लागतात. एक वीज. ती गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचा जनरेटर, आणि डिझेल आणायला रस्ता लागतो. रस्त्यावर सुपारी, नारळ, आंबा, विजेचे खांब, सगळं आडवं. दुसरी गोष्ट म्हणजे टॉवरला बाकीच्या जगाशी जोडणारी लाईन. ती फायबर असेल तर खांबांबरोबर तुटते, आणि समोरच्या टॉवरकडे तोंड करून बसवलेली मायक्रोवेव्हची तबकडी असेल तर वाऱ्याने तिचं तोंड जरासं फिरलं तरी लिंक जाते. म्हणूनच कधीकधी फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि कॉल काही जात नाही. टॉवर तुमच्याशी बोलतोय, पण त्याचं स्वतःचं कुणी ऐकत नाही. हे सगळं त्या पहिल्या युनिटमध्ये होतं. जे मी ऑप्शनला टाकलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मामा. पडलेल्या झाडांमधून बाईक ढकलत, काढत, रेंज शोधत तो कुठल्यातरी डोंगराच्या वळणावर पोचला होता आणि तिथे भेटलेल्या एकाच्या फोनवरून बोलत होता. मी "आजी?" म्हणालो. तो म्हणाला, "आहे, बरी आहे. पत्रे गेले. ते राहू दे, पेन आहे का? लिही."

त्याने एका लग्नपत्रिकेच्या मागे वाडीतल्या घरांची नावं आणि मुंबईतल्या माणसांचे नंबर लिहून आणले होते. सव्वीस. त्याने भराभर वाचले, मी लिहिले. अमक्याचं छप्पर गेलं, माणसं ठीक. तमक्याची होडी फुटली, माणसं ठीक. मधे दोनदा आवाज तुटला, तेव्हा त्याने शेवटचे तीन नंबर पुन्हा वाचले आणि माझ्याकडून वदवून घेतले. मग म्हणाला, "सगळ्यांना लाव," आणि फोन ज्याचा होता त्याला दिला.

त्या संध्याकाळी मी सव्वीस फोन केले. कुर्ला, नालासोपारा, भायखळा, एक कुवेतला. कुर्ल्याच्या बाईंना मी फक्त एवढंच म्हणालो, "आगरदांड्याहून निरोप आहे, घरचे सगळे ठीक आहेत." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी फोन ठेवला नाही.

भावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हा भाग त्याला पाठवतोय. पेपर सोमवारी आहे.