रोगाच्या आधीं पोंचणारें वैद्यक

कर्करोग झाला कीं दैवाला बोल लावण्याची आपली जुनी चाल. ती मोडण्याचा उद्योग महाराष्ट्रांत कसा झाला, तें थोडक्यांत सांगतों.

मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील डॉ. खानोलकर रोग्याच्या पेशींबरोबर त्याच्या संवयीही तपाशीत. धोतराच्या घट्ट गांठीखालीं, वर्षानुवर्षें घासल्या जाणाऱ्या कातडीस होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन १९४५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. कारण कळलें, म्हणजे निवारणाची वाट दिसते.

परंतु खेड्यांतील रोगी मोजणार कोण? १९८७ सालीं बार्शीस ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग फार, असें तींत दिसलें. १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांची निरनिराळ्या चाचण्यांनीं एकदांच तपासणी झाली. चौथ्यास केवळ माहिती दिली. आठ वर्षांत चौथ्या गटांतील ३१,४८८ पैकीं ६४ जणी या रोगानें दगावल्या. पॅपिलोमा विषाणूच्या चाचणीसाठीं नेमलेल्या गटांतील ३४,१२६ पैकीं ३४. विषाणू न आढळलेल्यांपैकीं एकही दगावली नाहीं. कोणास धोका अधिक व कोणास फार कमी, हें रोगापूर्वींच सांगतां आलें.

तपासणीवांचून राहिलेल्या त्या चौथ्या गटानें या ज्ञानाचें मोल दिलें. शहरांतील आपल्या घरांतून ती चाचणी टाळली जावी, हें त्या स्त्रियांचें ऋण बुडविणेंच होय.